ठोकळा टेबलाच्या मालकीचा: हाताळत्या, सामायिक इंटरफेसचं आर्किटेक्चर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरनियोजन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक टेबल बनवलं आहे. वर साधारण दोन मीटरवर कॅमेरा आणि प्रोजेक्टर, टेबलावर इमारतींचे लाकडी ठोकळे, प्रत्येकाच्या माथ्यावर चौकोनी मार्कर, म्हणजे कॅमेऱ्याने ओळखायची खूण. ठोकळा सरकवला की त्याची सावली आणि आजूबाजूचा वारा टेबलावर उमटतो. एकच जण वापरतो तोवर सगळं सुरळीत. चार जण टेबलाभोवती वाकले की ठोकळे गायब होतात, परत येतात, एकाच इमारतीच्या दोन नोंदी दिसतात आणि वाऱ्याचं गणित सुरू झालं की सगळंच अडखळतं. कॅमेऱ्याचा कोड ‘ठोकळा आला’ आणि ‘ठोकळा गेला’ असे इव्हेंट, म्हणजे घटना घडल्याचे संदेश, पाठवतो, आणि प्रत्येक इमारतीचा ऑब्जेक्ट ते झेलतो. पुढे दुसऱ्या शहरातलं तसंच टेबल याला जोडायचं आहे. तर आर्किटेक्चर कसं असावं?

हे इव्हेंट झेलणाऱ्या कोडची (हँडलरची) कितीही डागडुजी केली तरी हा प्रश्न सुटणार नाही, कारण चूक त्याच्या आधीच्या गृहीतकात आहे. नेहमीच्या स्क्रीनवर स्टेट, म्हणजे कुठली गोष्ट आत्ता कुठे आणि कशी आहे ही स्थिती, प्रोग्रामच्या मालकीची असते. खिडकी कुठे आहे हे प्रोग्राम ठरवतो, त्यामुळे त्याला ते नेमकं माहीत असतं. टेबलावर तसं नाही. ठोकळा कुठे आहे हे टेबल आणि माणसांचे हात ठरवतात. प्रोग्रामकडे असतो तो फक्त अंदाज, तोही काही मिलिसेकंद जुना आणि अधूनमधून चुकीचा. ‘ठोकळा गेला’ हा इव्हेंट खरं तर ‘मला ठोकळा दिसेनासा झाला’ एवढंच सांगत असतो. या दोन वाक्यांतला फरक ज्या कोडमध्ये कुठेच लिहिलेला नाही, तो चार माणसांसमोर टिकत नाही.

हा विचार नवा नाही. ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या ‘पार्क’ (PARC) या संशोधन केंद्रात मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची, म्हणजे माहिती, तिचं दृश्य आणि नियंत्रण असे प्रोग्रामचे तीन भाग करण्याची, मांडणी केली तेव्हा दाखवणारा भाग आणि नियंत्रण घेणारा भाग वेगळे होते. ब्रिग उल्मर आणि हिरोशी इशी यांनी २००० साली हाताळत्या इंटरफेससाठी, म्हणजे खऱ्या वस्तू हातात घेऊन वापरायच्या संगणकासाठी, ती मांडणी बदलली. त्यांच्या आकृतीत ठोकळा एकाच वेळी नियंत्रणही आहे आणि दृश्यही, आणि त्याच्या शेजारी प्रोजेक्टरने उमटवलेलं दुसरं, डिजिटल दृश्य आहे. तुमचं टेबल ज्या घराण्यातलं आहे ते ‘अर्प’, म्हणजे जॉन अंडरकॉफलर आणि इशी यांचं १९९९ चं एमआयटी मीडिया लॅबमधलं शहरनियोजनाचं टेबल, याच विचाराचं मूर्त रूप. त्यातही सावल्या होत्या, वारा होता, काचेच्या भिंतींवरून परावर्तन होतं. ते टेबल पुन्हा आठवायचं कारण खाली येईलच.

पण रचना शिकायची असेल तर मी नेहमी बार्सेलोनाच्या ‘रिॲक्टेबल’कडे बोट दाखवतो. पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात सेर्जी जोर्दा, मार्टिन काल्टेनब्रुनर, ग्युंटर गाइगर आणि मार्कोस अलोन्सो यांनी ते संगीतवाद्य बनवलं. गोल, उजळलेलं टेबल. त्यावर चकत्या ठेवायच्या, फिरवायच्या, जवळ आणायच्या, की त्यांच्यात ध्वनीच्या तारा जोडल्या जातात. अनेक जण एकदम वाजवतात. २००७ मध्ये आइसलंडची गायिका ब्यर्क हिने ते आपल्या दौऱ्यात मंचावर नेलं, म्हणजे हजारो प्रेक्षकांसमोर चालेल इतकं ते भरवशाचं होतं. त्यामागचं सॉफ्टवेअर एकसंध नव्हतं. कॅमेऱ्याच्या चित्रातून मार्कर ओळखणारा भाग वेगळा, चकत्यांमधली जोडणी ठरवणारा वेगळा, आवाज निर्माण करणारा वेगळा, चित्र काढणारा वेगळा. ओळखणारा भाग ‘रिॲक्टिव्हिजन’ या नावाने मुक्त स्रोत झाला आणि तो ज्या भाषेत बोलतो ती भाषा, ‘टुइओ’, २००५ पासून सगळ्यांसाठी खुली आहे.

टुइओ नीट बघा, कारण तुमच्या अडचणीचं उत्तर त्याच्या रचनेतच दडलंय. त्यात ‘आला’ आणि ‘गेला’ असे संदेशच नाहीत. हे जाणूनबुजून केलंय. संदेश यूडीपीवरून, म्हणजे पोच न मागता पाठवणाऱ्या झटपट नेटवर्क पद्धतीने जातात, सहसा ३३३३ या पोर्टवर, कारण वाद्याला उशीर परवडत नाही. यूडीपीत पॅकेट हरवू शकतं. ‘गेला’ असं सांगणारं एकच पॅकेट हरवलं तर ती चकती प्रोग्रामच्या लेखी कायमची टेबलावर राहिली असती. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यात आधी हजेरीपट येतो: आत्ता टेबलावर हे हे क्रमांक जिवंत आहेत. मग ज्यांच्यात बदल झाला त्यांची जागा, कोन, वेग. शेवटी फ्रेमचा क्रमांक. ऐकणारा प्रोग्राम आधीच्या आणि आत्ताच्या हजेरीची तुलना करून कोण आलं, कोण गेलं हे स्वतःच काढतो. काहीच हललं नाही तरी ठरावीक काळाने हजेरी पुन्हा येते. एखादं पॅकेट हरवलं तर पुढचं ती चूक भरून काढतं. उशिरा पोचलेलं जुनं पॅकेट फ्रेमच्या क्रमांकावरून ओळखून टाकून देता येतं.

दुसरी बारीक गोष्ट म्हणजे प्रत्येक वस्तूला दोन क्रमांक असतात. एक मार्करचा, म्हणजे ही कुठली चकती आहे. दुसरा सत्राचा, म्हणजे या वेळच्या दिसण्याचा. बारा नंबरचा ठोकळा दिसला, त्याला सत्र ४१ मिळालं. कुणाचं तरी मनगट आड आलं, ठोकळा दिसेनासा झाला, मनगट बाजूला झालं आणि तो परत दिसला. मार्कर तोच, बारा, पण सत्र आता ४२. तुमच्याकडे एकाच इमारतीच्या दोन नोंदी होतात त्या अगदी याच ठिकाणी, असं वर्णनावरून मला जवळजवळ नक्की वाटतं. ट्रॅकरच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या चित्रातून मार्कर ओळखणाऱ्या भागाच्या, लेखी ही दोन वेगळी दिसणी आहेत आणि तुमचा कोड प्रत्येक दिसण्याला एक इमारत बनवतोय. इमारत मार्करच्या क्रमांकाशी बांधा आणि दिसणं त्या इमारतीला चिकटवा. इमारत टिकते, दिसणी येतात-जातात. झाडांसारखे एकसारखे, एकाच मार्करचे दहा ठोकळे असतील तर मात्र हे पुरत नाही. तिथे नवं दिसणं जवळच्या नुकत्याच हरवलेल्या दिसण्याशी जुळवून घ्यावं लागतं, अंतराला मर्यादा घालून.

आता थरांकडे येऊ. माझ्या मते चार पुरेत, आणि त्यांतला पहिला, ट्रॅकरचा, वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्राममध्येच असला पाहिजे. त्याचं काम कॅमेऱ्याच्या चित्रातून टेबलावरची जागा काढणं, बस. ती जागा पिक्सेलमध्ये बाहेर जाऊ देऊ नका. टुइओसारखी शून्य ते एकच्या मापात किंवा सरळ सेंटीमीटरमध्ये द्या. उद्या कॅमेरा बदलला, दुसरा लावला, मार्करऐवजी टेबलाखाली आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तू ओळखणारं तंत्र, आलं, तरी वरच्या थरांना कळता कामा नये.

याच थरात एक हिशेब हमखास राहून जातो, तो उंचीचा. कॅलिब्रेशन करताना आपण चार कोपरे दाखवून होमोग्राफी, म्हणजे कॅमेऱ्याच्या चित्रातल्या बिंदूवरून टेबलावरची जागा काढायचं सूत्र, काढतो आणि ती टेबलाच्या पृष्ठभागासाठी बरोबर असते. पण मार्कर ठोकळ्याच्या माथ्यावर आहे. कॅमेरा २०० सेंटीमीटर उंच, ठोकळा ५ सेंटीमीटरचा, आणि तो कॅमेऱ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ६० सेंटीमीटर दूर असेल, तर त्याची जागा बाहेरच्या बाजूला ६० गुणिले ५ भागिले १९५, म्हणजे सुमारे दीड सेंटीमीटर सरकलेली दिसते. टेबलाच्या मध्यावर सावली ठोकळ्याला चिकटलेली आणि कडेला मात्र सुटलेली दिसत असेल तर कारण हे. उंच इमारतीला चूक जास्त, ठेंगणीला कमी. म्हणून ट्रॅकरकडे प्रत्येक मार्करच्या ठोकळ्याची उंची असलेला छोटा तक्ता हवा. ही दुरुस्ती चित्र काढणाऱ्या कोडमध्ये केली तर वाऱ्याचं गणित चुकीच्या जागा घेऊनच चालत राहील.

रिॲक्टेबलने हा प्रश्न मुळातच टाळला. कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोन्ही टेबलाखाली, मार्कर चकतीच्या तळाला, आणि कॅमेरा फक्त इन्फ्रारेड बघतो, त्यामुळे प्रोजेक्टरचं चित्र त्याला दिसतच नाही. हातही आड येत नाहीत. तुम्हाला टेबल पुन्हा बांधणं शक्य असेल तर ते करा. सॉफ्टवेअरमधली बरीच गुंतागुंत त्यातच संपते. पण इमारतींच्या माथ्यावर आणि भिंतींवर प्रोजेक्शन हवं असेल तर वरूनच यावं लागतं, आणि मग पुढचा थर अपरिहार्य आहे.

हा दुसरा थर, ज्याला मी समजुतीचा थर म्हणतो, सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बहुतेक प्रकल्पांत तो नसतोच. ट्रॅकर सांगतो त्याच्यावरून टेबलावर खरंच काय आहे, याबद्दलची आपली समजूत इथे राहते. प्रत्येक ठोकळ्याला इथे तीन अवस्था द्या: दिसतोय, झाकलाय, उचललाय. दिसेनासा झाला की थेट ‘उचललाय’ म्हणायचं नाही. शेवटच्या जागेवर हात आहे का, हे बघायचं. वरच्या कॅमेऱ्याला हात ओळखणं फार अवघड नाही, टेबलाच्या कडेपासून आत आलेला मोठा, त्वचेचा किंवा बाहीचा भाग एवढं पुरतं. हात जागेवर आहे तोवर ‘झाकलाय’, मग पाच सेकंद झाली तरी चालेल. हात निघून गेला आणि ठोकळा अजूनही नाही, तर थोडा वेळ थांबून, साधारण पाव ते अर्धा सेकंद, ‘उचललाय’. ठोकळा वेगाने ओढला की चित्र धूसर होऊन मार्कर हरवतो. तेव्हा हात ठोकळ्याबरोबर पुढे गेलेला असतो, म्हणून शेवटचा वेग लक्षात ठेवून त्या दिशेला जरा पुढे शोधायचं.

या अवस्थांवर वरच्या थरांनी वेगवेगळं वागायचं. झाकलेल्या इमारतीची सावली तशीच राहते, गणितातही ती असते. उचललेल्या इमारतीची सावली लगेच फिकट होते आणि गणितातून ती नंतर निघते. माणसाने ठोकळा उचलला तेव्हा टेबलाने दखल घेतली हे त्याला ताबडतोब दिसलं पाहिजे, पण पलीकडच्या माणसासमोरचा वारा त्यामुळे उडून जाता कामा नये.

थरथरही इथेच शमवायची. स्थिर ठेवलेल्या ठोकळ्याचा कोनसुद्धा फ्रेमगणिक थोडा हलतो आणि लांब सावलीच्या टोकाला ते हलणं ठळक दिसतं. सरासरी घेतली तर थरथर जाते, पण ओढताना सावली मागे रेंगाळते. केझिए, रूसेल आणि फोगेल यांचा २०१२ चा वन युरो फिल्टर यासाठी उत्तम आहे: हालचाल सावकाश असेल तर जास्त गुळगुळीत करतो, वेग वाढला की हात सैल सोडतो. दोनच आकडे जुळवावे लागतात.

तिसरा थर म्हणजे तुमचा विषय: इमारती, सावल्या, वारा. इथे एक शिस्त पाळा. या थराने स्वतःकडे जागांची वेगळी प्रत ठेवून ती इव्हेंटने बदलत बसायचं नाही. समजुतीच्या थराकडून पूर्ण मांडणीचं एक न बदलणारं चित्र घ्यायचं आणि त्यातून उत्तर काढायचं. तेच चित्र दिलं की तेच उत्तर आलं पाहिजे. रिॲक्टेबलमध्येही कुठल्या चकत्या जोडलेल्या आहेत हे त्यांच्या परस्पर अंतरावरून आणि प्रकारावरून ठरतं. फक्त अंतराच्या सीमेवर एक सवलत लागते: जोडायचं अंतर कमी आणि तोडायचं जरा जास्त ठेवायचं, नाहीतर सीमेवर ठेवलेली वस्तू सेकंदाला अनेकदा जोडली-तोडली जाते.

वारा अडखळतो त्याचं कारण सरळ आहे, गणित आणि चित्र एकाच चक्रात फिरताहेत. ते वेगळे करा. ठोकळ्याखालची कडा आणि सावली प्रत्येक फ्रेमला, हाताबरोबर. वारा त्याच्या गतीने, वेगळ्या थ्रेडवर किंवा वेगळ्या मशीनवर. प्रत्येक मांडणीला क्रमांक द्या आणि वाऱ्याचं उत्तर कुठल्या क्रमांकाच्या मांडणीचं आहे ते त्याच्याबरोबर येऊ द्या. मांडणी बरीच पुढे गेली असेल तर ते उत्तर फिकट दाखवा, पूर्ण ताजं असल्यासारखं दाखवू नका. नियोजनाच्या टेबलावर चुकीच्या मांडणीचा ठळक वारा दाखवणं म्हणजे माणसांना चुकीचा निर्णय घ्यायला लावणं.

उशीर किती होतोय हे अंदाजाने ठरवू नका. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रीकरण करा, ठोकळा झटक्यात सरकवा आणि हात हलल्यापासून सावली हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंदांहून जरा जास्त. कित्येकदा असं निघतं की निम्मा उशीर प्रोजेक्टर स्वतः करतोय आणि त्याच्या मेनूतला गेम मोड लावला की तो बराच कमी होतो.

चौथा थर चित्राचा. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. त्याने कुठलाही निर्णय घेऊ नये, एवढंच.

आता एकत्र काम करण्याबद्दल. हा विषय लोक बहुधा शेवटी जोडतात, पण तो तिसऱ्या थराच्या रचनेवरच अवलंबून असतो. पहिला नियम: कुणी काय केलं हे जाणून घेण्यावर सॉफ्टवेअर अवलंबून ठेवू नका. कॅमेऱ्याला हात दिसतो, माणूस कळत नाही. डीट्झ आणि ली यांनी २००१ मध्ये मित्सुबिशीच्या प्रयोगशाळेत बनवलेल्या डायमंडटचने हे साधलं होतं. टेबलातून निघालेला सूक्ष्म विद्युत संकेत बोटातून शरीरात आणि शरीरातून खुर्चीत पोचायचा, त्यामुळे कुठल्या खुर्चीवरच्या माणसाने स्पर्श केला हे कळायचं. तुमच्याकडे तसं काही नाही आणि गरजही नाही. स्टेसी स्कॉट यांच्या निरीक्षणांत माणसं टेबलाचे भाग आपोआप वाटून घेतात: समोरचा भाग आपला, मधला सगळ्यांचा, कडेला सामान. हे वाटप तुम्ही रचनेत वापरू शकता. उदाहरणार्थ, कडेच्या पट्टीत ठेवलेला ठोकळा ‘सामान’ समजायचा, तो गणितात घ्यायचा नाही. त्यासाठी बटण लागत नाही, आणि ‘हा ठोकळा अजून मांडलेला नाही’ हे सगळ्यांना दिसतं.

दुसरा नियम अर्पमधून घ्या. तिथे दिवसाची वेळ बदलायला टेबलावर घड्याळ होतं, वाऱ्यासाठी वेगळं साधन, भिंत विटांची की काचेची हे बदलायला कांडी. म्हणजे ‘वारा मोड’, ‘सावली मोड’ अशी लपलेली अवस्था नव्हती. चार जणांच्या टेबलावर लपलेला मोड घातक ठरतो: एकाने बदलला की बाकी तिघांच्या हातातल्या कामाचा अर्थ बदलतो, आणि कुणी बदलला हे कळत नाही. जी गोष्ट सगळ्यांना लागू आहे, तिला टेबलावर नेमकी एक वस्तू द्या. वेळ बदलायची तर घड्याळाला हात लावावा लागतो, सगळे बघतात, हरकत असेल तर तोंडाने बोलतात. लॉक आणि परवानग्यांचा बराचसा कोड यामुळे लिहावाच लागत नाही. जी गोष्ट फक्त एका जागेपुरती आहे, जसं वाऱ्याचा वेग मोजणं, तिच्या वस्तू हव्या तितक्या असू द्या.

मागे जाण्याचं, म्हणजे अनडूचं काय, हे सगळे विचारतात. प्रोग्राम ठोकळा उचलून परत ठेवू शकत नाही. इशींच्याच गटातल्या ॲक्च्युएटेड वर्कबेंचने २००२ मध्ये टेबलाखाली विद्युतचुंबक लावून चकत्या हलवून दाखवल्या, पण लाकडी इमारतींना ते जमणारं नाही. तेव्हा मॉडेलमध्ये ‘हवी असलेली मांडणी’ ही स्वतंत्र गोष्ट ठेवा, प्रत्यक्ष मांडणीच्या शेजारी. जुनी मांडणी हवी असेल तर तिच्या बाह्यरेषा टेबलावर उमटवायच्या आणि माणसांनी ठोकळे त्यात नेऊन ठेवायचे. बसला की रेषा विझते. दोन मांडण्यांमधला फरक दाखवायलाही हीच सोय उपयोगी पडते.

दोन शहरं जोडतानाही हाच विचार पुढे न्यायचा. २००५ मध्ये बार्सेलोना आणि लिंझ इथल्या रिॲक्टेबल जोडून मैफल झाली होती. एका टेबलावरची चकती दुसऱ्या टेबलावर फक्त चित्र म्हणून दिसू शकते, तिला तिकडच्या हाताने हलवता येत नाही. हीच मर्यादा तुमच्या कामाची आहे, कारण त्यामुळे प्रत्येक ठोकळ्याला नेमकं एकच टेबल मालक मिळतं. त्या टेबलाशिवाय कुणी त्याची जागा लिहायची नाही, बाकीच्यांनी वाचायची. एकच लिहिणारा असला की दोन्हीकडचं जुळवण्याचा झगडाच उरत नाही आणि दोन मशीनची घड्याळं जुळवत बसावं लागत नाही. टेबलांमध्ये पुन्हा हजेरीपटच पाठवा. मधलं नेट तुटलं तर परकी इमारत गायब करू नका, ‘शेवटची माहिती इतक्या वेळापूर्वीची’ असं तिच्या शेजारी दाखवा. खुणा, टिपा, रेघोट्या यांना मात्र शरीर नाही, त्या दोन्हीकडून बदलतील. त्यांच्यासाठी सीआरडीटीवर, म्हणजे अनेक ठिकाणचे बदल आपोआप एकत्र जुळवणाऱ्या डेटा-रचनेवर, आधारलेली तयार लायब्ररी घ्या आणि तो भाग ठोकळ्यांच्या प्रवाहात मिसळू नका. आणि एक गोष्ट आर्किटेक्चरने सुटत नाही, ती म्हणजे त्यांची आणि तुमची इमारत एकाच जागी आली तर काय. दोन्ही लाकडी असत्या तर आदळल्या असत्या. इथे त्या एकमेकींतून आरपार जातात. ती टक्कर लाल रंगात दाखवा आणि निर्णय माणसांवर सोडा. सोबत आवाजाची जोडणी हवीच, बोलल्याशिवाय हा वाद मिटत नाही.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर ट्रॅकर वेगळा काढून त्याचा सगळा प्रवाह वेळेच्या शिक्क्यांसह फाइलमध्ये नोंदवायला लागा, बाकी काही बदलण्याआधी. चार विद्यार्थ्यांना तासभर टेबलावर काम करू द्या, जितकं वाकतील, झाकतील, ठोकळे हिसकतील तितकं चांगलं. मग तीच फाइल पुन्हा पुन्हा चालवून समजुतीचा थर लिहा. ठोकळा १२ हरवून परत आला तो क्षण तुम्हाला हवा तितक्या वेळा जसाच्या तसा मिळेल, आणि त्या प्रत्येक क्षणाची एक चाचणी करून ठेवता येईल. टुइओ वापरत असाल तर त्याचा सिम्युलेटरही आहे, पण तो माउसने चालतो आणि माउसला मनगट नसतं. त्यामुळे वरच्या थरांची रोजची कामं सिम्युलेटरवर करा, समजुतीच्या थराची परीक्षा मात्र नोंदवलेल्या फाइलवरच घ्या.